गोड करून सांगणारी

संपादनाच्या टेबलावरच्या लहानशा पडद्यावर एका बाईचं तोंड हलत होतं. हातातली रिकामी पिशवी ती कॅमेऱ्यासमोर झटकत होती, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि या सगळ्यावर प्रेमलताचा आवाज संथपणे सांगत होता की धान्याच्या दुकानासमोर जमलेल्या भगिनींनी थोड्याशा गैरसोयीची तक्रार केली. साहेबांनी हात वर केला. यंत्र थांबलं आणि बाई तोंड उघडं ठेवून पडद्यावर तशीच अडकली. "ये असल में क्या कह रही थी?" साहेबांनी विचारलं. प्रेमलताने सांगितलं, म्हणजे चारचौघांत सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं: की हा गहू नाही, मातेरं आहे, आणि वाटणाऱ्याने हे आधी आपल्या लेकरांना खाऊ घालावं. साहेब हसले नाहीत की रागावले नाहीत. "फिर ये किसने कहा, जो मैं सुन रहा हूँ?" त्यांनी विचारलं, आणि चष्मा काढून पुसायला लागले. एवढंच झालं. पण जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं तिला झालं.

साहेब माणूस वाईट नव्हता. दिल्लीच्या केंद्रात टेलिव्हिजन म्हणजे अजून कौतुकाचं तान्हं मूल होतं. साऱ्या शहरात पेट्या त्या किती, आणि त्या पेट्यांपुढे बसणाऱ्यांना बाई दिसायला हवी होती ती खुर्चीत बसलेली, केसांत फूल माळलेली, पुढे कोणता कार्यक्रम आहे ते सांगणारी. प्रेमलता सांबारेला त्या खुर्चीतून उठवून कॅमेऱ्याबरोबर रस्त्यावर पाठवलं ते याच साहेबांनी. तिच्याआधी तिथली कुठलीच बाई अशी बाहेर पडली नव्हती. कॉरिडॉरमध्ये पुरुष मंडळी कुजबुजली, साहेबांनी लक्ष दिलं नाही. आज मात्र चष्मा डोळ्यांवर चढवत ते म्हणाले, "प्रेमलताजी, अनाउन्समेंट आप बहुत अच्छा करती हैं." स्तुतीच होती ती, पण तिचे कान तापले. मग त्यांनी सरळच सांगून टाकलं. आणखी एक फिल्म ती करू शकेल. तीही अशीच झाली, सगळ्यांच्या तोंडून तिचाच आवाज आला, तर परत खुर्ची. राज्यं नव्याने आखली गेली त्याला आता दहा वर्षं होतील, सीमेवरच्या कुठल्या तरी गावची फिल्म हवी आहे, कुठे जाल? आणि तिच्या तोंडून विचार न करताच निघून गेलं, सौंसर. माझ्या घरी.

बाहेर आल्यावर आपण हे काय बोलून बसलो याचा तिला पत्ताच लागेना. बसच्या रांगेत उभी राहिली, बस आली, गेली, ती तिथेच. आपल्या घरची माणसं मोकळेपणाने बोलतील, असा काहीतरी हिशेब डोक्यात चालून गेला असावा. आणि आता हसू येत होतं, कारण जगात मोकळेपणाने न बोलणारं एक घर शोधायचं म्हटलं तर तिला तेच सापडलं असतं. रांगेतल्या माणसांकडे पाहता पाहता तिची मान आपोआप डावीकडून उजवीकडे वळली. ही तिची लकब. केंद्रात सगळे तिचं कौतुक करत. एका कॅमेऱ्याकडून दुसऱ्या कॅमेऱ्याकडे मान वळवावी तर हिनेच, एवढी सहज, मधे क्षणभर थांबून, चेहऱ्यावरचं एक पुसून दुसरं आणत. कुठे शिकलात, असं एकाने विचारलंही होतं. तेव्हा तिला उत्तर सुचलं नव्हतं. आज रांगेत उभ्या उभ्या ते सुचलं. उंबऱ्यावर शिकले.

सौंसरच्या त्या घरात बापूजी आणि माय एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. बापूजी म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मायचे भासरे. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्याच्या समोर यायचं नाही, त्याच्याशी शब्द बोलायचा नाही, त्याची पावलं वाजली की पदर ओढून आत सरायचं. इतर घरांत ही रीत खपून जाते, कारण मधे माणसं असतात. इथे मोठी आई आधीच गेलेली, तिला मूलबाळ नाही. मग प्रेमलता पाटीवर अक्षरं गिरवायला लागली त्या वर्षी तापाने वडील गेले. राहिले कोण, तर एक विधुर भासरा आणि एक विधवा भावजय, कापसाची आणि संत्र्याची शेती, आणि हे कसं निभावतात ते बघायला टपून बसलेलं गाव. त्यामुळे रीत आणखी करकचून बांधली गेली. बापूजी ओसरीवर बंगईवर बसत, लोखंडी कड्यांना टांगलेल्या त्या रुंद लाकडी झोपाळ्यावर; माय माजघराच्या कवाडामागे उभी राही; आणि मधे उंबऱ्यावर एक पोरगी. आतलं बोलणं बाहेर न्यायचं, बाहेरचं आत. "त्याइले सांग, घरातलं मीठ संपलं, माणसाले डोळे आहेत का नाही," असं आतून यायचं. प्रेमलता मान वळवायची आणि म्हणायची, "बापूजी, माय म्हणते, बाजारातून येतानी मीठ आणजा." बापूजी करवादायचे, "तुह्या मायले सांग, मी काय तिचा गडी आहो?" आणि मान इकडे वळेपर्यंत त्याचं होऊन जायचं, "आणतो म्हणतात." आणि मीठ यायचं. पोरीला वाटायचं, आपण आणलं.

कुणी शिकवलं नाही तिला हे. बाकीच्या पोरी फुगड्या घालायच्या, ही उंबऱ्यावर बसून माणसांचे शब्द निवडायची, खडे बाजूला, दाणे बाजूला. बापूजी आपल्याला आतलं ऐकू येत नाही असं कधी म्हणाले नव्हते, पण ते उघडच होतं, कारण माय बोलायला लागली की बंगई हललेली असायची. कड्यांची करकर एवढी की शेजारच्या कवडूचा बैलही मान वर करून बघायचा. माय बोलायची थांबली, पोरीने मान वळवली, की बापूजींचा पाय जमिनीला टेकायचा आणि करकर थांबायची. मग ती सांगायची. स्वातंत्र्य मिळालं त्या सकाळी बापूजींनी चौकात झेंडा लावला, दोरी मधेच अडकली, एकाला खांबावर चढावं लागलं, लोक हसले, बापूजी घामाघूम. घरी येऊन तिने मायला सांगितलं की झेंडा असा सरसर वर गेला. मायने विचारलं, "अडकला नाही?" ती म्हणाली, "नाही." माय भाकरी थापत राहिली. त्या "अडकला नाही?"चं आज, दिल्लीच्या या रांगेत, तिला पहिल्यांदा नवल वाटलं. मायला कुणी सांगितलं होतं?

दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत तिच्यासमोर कॅमेरावाला सूरी झोपला होता आणि आवाज घेणारा वर्गीस पेटीवर पाय ठेवून जागा होता, कुणी त्याचं यंत्र पळवेल या भीतीने. खिडकीतून गावं जात होती. तिला बसवत नव्हतं. उठून दाराशी जायची, परत यायची. जिभेवर काहीतरी गुळचट चव चिकटल्यासारखी वाटत होती. पाणी प्यायली तरी जाईना. आपण जन्मभर काय करत आलो? नागपूरला कॉलेजात वादविवादात बक्षिसं मिळाली ती याचीच. दोन्ही बाजू हिला पटायच्या आणि हिच्या तोंडून दोन्ही बाजू कशा शहाण्यासारख्या वाटायच्या. तिथल्या रेडिओवर लागली, मग दिल्ली. सगळीकडे एकच शिफारस, मुलगी गोड बोलते. तिलाही त्याचा अभिमान होता, का नसावा? आपल्या गोड बोलण्याची ताकद तिने डोळ्यांनी पाहिली होती. त्या गोड बोलण्यानेच तर ती सौंसरमधून बाहेर पडली होती. त्या दिवसाची आठवण ती लोकांना रंगवून सांगत असे, आणि प्रत्येक वेळी तिचं तिलाच बरं वाटत असे.

राज्यं नव्याने आखायची म्हणून आयोग आला होता, तेव्हा बापूजी काळा कोट घालून चार मंडळींबरोबर नागपूरला निवेदन द्यायला गेले होते. आपली भाषा, आपले सोयरे, आपली सरकी तिकडच्याच बाजारात जाते, आपल्यालाही तिकडे घ्या. नागपूर तोवर आपलीच राजधानी होती. कोर्ट तिथे, डॉक्टर तिथे, लग्नाचा बस्ता तिथे. मग नोव्हेंबरची पहिली तारीख आली आणि नागपूर मराठी मुलखात गेलं, सौंसर हिंदी मुलखात राहिलं, पांढुर्णा राहिलं, आणि भोपाळ नावाच्या, कुणी न पाहिलेल्या गावाकडे तोंड करून बसा असा हुकूम झाला. बापूजींनी कोट खुंटीला लावला तो लावलाच. पुढच्या उन्हाळ्यात प्रेमलता मॅट्रिक झाली. माय म्हणाली, नागपूरला पाठवायचं. बापूजी म्हणाले, नागपूर आता परमुलूख झालं, पोरगी परमुलखात पाठवत नाही मी. तिगावचं एक स्थळ आलं आहे, रेल्वेतलं आहे, चांगलं आहे. आणि प्रेमलता उंबऱ्यावर बसून आपलंच मरण आत-बाहेर करत होती. शेवटी कवाडामागून माय म्हणाली, अगदी सावकाश म्हणाली, "त्याइले सांग, पोरीले शिकू देलं नाही तर मी विहिरीत उडी घेईन." बंगई करकरत होती. पोरीची मान वळली, सवयीने वळली, आणि तोंडातून निघालं, "बापूजी, माय म्हणते, तुम्ही म्हणाल तसं. पण हेडमास्तर म्हणत होते का पोरीचं डोकं चांगलं आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी बापूजींनी खुंटीवरचा कोट काढला आणि अरुंद रुळांवरच्या छोट्या रेल्वेने तिला नागपूरला घेऊन गेले. तिला मात्र त्या दिवसापासून कळून चुकलं की गोड सांगितलं की दार उघडतं, आणि त्याच भरवशावर ती दिल्लीपर्यंत आली होती.

पांढुर्ण्याला उतरल्यावर सूरीने संत्री विकत घेतली आणि रसाने हात चिकट करून घेतले, मग कॅमेऱ्याला हात लावायला पाणी शोधत फिरला. मोटारीने सौंसर येईपर्यंत दोन्ही बाजूंना बागा, झाडाखाली फांद्यांना बांबूचे टेकू, फळं पिवळी पडायला आलेली. वर्गीस खूश होता. प्रेमलताला वाटत होतं, मोटार बंद पडावी. घरासमोर अर्धा गाव जमला होता. टेलिव्हिजन म्हणजे काय ते गजानन नावाचा शाळामास्तर सगळ्यांना समजावून सांगत होता आणि कुणालाच ते समजत नव्हतं. "म्हणजे बापूजी पेटीत दिसतीन?" "दिसतील." "आन् बोलतीन?" "बोलतील." "मंग दिल्लीवाले त्याइचं काय करतीन?" मास्तर प्रेमलताकडे बघायला लागला. ती माजघरात गेली. माय चुलीपुढून उठली, तोंडावरून हात फिरवला, वाळली म्हणाली, मग लगेच, "त्या दोघाइले जेवाले इचार. तिखट चालते का?" दोन परके पुरुष ओसरीवर असताना ती कवाडाच्या पलीकडे येणार नव्हती, हे तर ठरलेलंच. प्रेमलताने तिला विचारलं, "माय, तू बोलशील का, या यंत्रापुढे?" मायने पदर पुढे ओढला. "मी काय बोलू व? बोलतीन ते. त्याइले सवय आहे भाषणाची."

बापूजी म्हातारे झाले होते. कोट त्यांच्यावर लोंबत होता, हनुवटीवर दाढी करताना कापल्याचा कापूस होता. ते बंगईवर येऊन बसले आणि पायाने झोका दिला. कड्या करकरल्या. वर्गीसने कानांवरचे ते काळे गोळे काढले, तोंड वाकडं केलं. "मैडम, ये झूला बंद करना पड़ेगा. बहुत आवाज़ करता है." तिने सांगितलं. बापूजी म्हणाले, "तेल घालू का?" तेल घालून झालं, करकर गेली नाही. शेवटी वर्गीसने कापसाच्या गाठीची सुतळी मागितली आणि बंगई ओसरीच्या खांबाला घट्ट बांधून टाकली. बापूजी बांधलेल्या बंगईकडे पाहत राहिले. "असं कसं बसू मी? हलल्याशिवाय बसायची सवय नाही मले." आणि असं म्हणताना त्यांनी कवाडाकडे चटकन एक नजर टाकली, चोरासारखी. प्रेमलताने ती पाहिली. आजवर त्यांना तिकडे बघताना तिने पाहिलं नव्हतं. मग ते बसले, पाय जमिनीवर, हात मांडीवर. वर्गीसने त्यांच्या गुडघ्यापाशी मायक्रोफोन ठेवला, कॅमेरा घरघरायला लागला, आणि ती उंबऱ्याच्या अलीकडे, आपल्या जुन्याच जागी बसली, कारण सूरीला तिथूनच प्रकाश बरा मिळत होता.

"बापूजी, राज्यं वेगळी झाली तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?" बापूजी खाकरले आणि वर आढ्याकडे पाहून म्हणाले की जनतेने निर्णय शिरसावंद्य मानला, दोन्ही राज्यं भारतमातेचीच लेकरं आहेत, विकासाची गंगा वाहत आहे. एकेक शब्द इस्त्री केलेला. तिने दुसरा प्रश्न विचारला, नागपूर गेल्याचं दुःख झालं नाही का? जनतेने संयम पाळला, बापूजी म्हणाले. फिल्म फिरत होती. प्रत्येक फुटाबरोबर तिची खुर्ची जवळ येत होती, ते दिवे, ते केसांतलं फूल, 'आता ऐका सुगम संगीत'. हे तर माझ्यापेक्षा गोड करून सांगतात, तिला वाटलं. तेवढ्यात कवाडामागून माय बोलली.

"खोटं बोलून राहिले. त्याइले म्हणा, तवा जेवत नोयते तुमी. बंगईवर बसून लहान पोरासारखे रडत होते. आन् त्याच तोंडानं म्हणत होते, पोरीले नागपूरले पाठवत नाही."

प्रेमलताची मान वळली. तिला विचारून नाही वळली. तोंड उघडलं आणि "बापूजी, माय म्हणते, त्यावेळी तुम्हाला थोडं वाईट—" इतकं बाहेरही पडलं, तेव्हा वर्गीसने हात वर केला, तोंडावर बोट ठेवलं. "मैडम, आप मत बोलिए. अंदर से आवाज़ बिलकुल साफ़ आ रही है." ती थांबली. "साफ?" तिने विचारलं. "एक-एक शब्द," तो म्हणाला. त्याला मराठी येत नव्हती. त्याला फक्त ऐकू येत होतं. मायक्रोफोन बापूजींच्या गुडघ्यापाशी होता. तिने गुडघ्याकडे पाहिलं, मग बापूजींकडे. ते सुतळीच्या गाठीकडे बघत होते. "सांगू नको," बापूजी म्हणाले. "ऐकलं मी." आणि थोड्या वेळाने, कुणी न विचारता, "आजचंच नाही. सगळंच ऐकलं."

तिला प्रथम काही कळलं नाही आणि मग सगळं एकदमच कळलं. करकर त्यांच्या ऐकण्याच्या आड येत नव्हती. आपण ऐकत नाही हे गावाला, मायला, तिला पटावं म्हणून ते पाय मारत होते. मीठ तिने आणलं नव्हतं. मायच्या डोळे-आहेत-का-नाहीनं आणलं होतं. आणि आतल्या बाजूला माय! तिलाही बाहेरचं स्वच्छ ऐकू येत असणार. "गडी आहो का" ऐकून ती "आणतो म्हणतात"वर मान डोलवत होती. चौकातून घरी येताना बापूजी कवडूला झेंडा अडकल्याचं सांगत आले असतील. दोघंही एका पोरीपुढे बहिरी होऊन बसली होती, वर्षानुवर्षं, आणि पोरगी मधे बसून मोठ्या ऐटीत शब्द निवडत होती. तिला लाज वाटली. मग राग आला. मग भीती वाटली, कारण त्या सकाळचा कोट तिला आठवला, खुंटीवरून निघालेला. म्हणजे तिच्या गोड वाक्याने नाही. हेडमास्तरने नाही. ती विहीर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती आणि त्या भीतीने ते उठले होते. नागपूर, रेडिओ, दिल्ली, सगळं मायच्या उघड्या शब्दांवर उभं होतं, आणि ते शब्द तिने तोंडातच गिळून टाकले होते. "मग मला कशाला बसवत होता मधे?" तिने विचारलं. हा प्रश्न कागदावर नव्हता. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, इतका खरखरीत.

बापूजींनी बोटाने कोटाचं बटण फिरवलं. "तुही माय बोलली का राग येत होता. तू सांगितलं का राग जात होता. तिचं ऐकून काम करत होतो, तुहं ऐकून घरात राहत होतो." ते हे कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले नाहीत. आढ्याकडेही नाही. मग त्यांनी मान वर केली आणि प्रथमच, उघडपणे, त्या कवाडाकडे पाहिलं. कवाड जुनं, फळ्यांत फटी. "विचार तुह्या मायले," ते म्हणाले, "त्या दिवशी खरंच घेतली असती का उडी? मले आजबी झोपेत ते ऐकू येते."

सूरीने कॅमेरा हळूच कवाडाकडे फिरवला. माय उत्तर देईना. तिने ऐकलं होतं, फटींतून तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता, पण ती थांबली होती. पोरीने मान वळवून सांगितल्याशिवाय तिला ऐकूच येणार नव्हतं, आजही नाही. आणि प्रेमलताच्या जिभेवर वाक्य तयारही झालं होतं. 'माय, बापूजी विचारतात, तुला तेव्हा फार त्रास झाला का?' सुरेख वाक्य. कुणाचं काही बिघडलं नसतं. मायला हो म्हणता आलं असतं, बापूजींना मान हलवता आली असती, आणि घर जसं होतं तसं राहिलं असतं. तू मेली असतीस का, असं कसं विचारायचं आईला, गावासमोर, यंत्रासमोर? मान वळत होती. अर्ध्यात ती थांबली, नेहमीसारखी, चेहरा पुसायला. पण चेहऱ्यावर दुसरं काही येईना. "माय," ती म्हणाली, "बापूजी विचारतात, त्या दिवशी तू खरंच विहिरीत उडी घेतली असती का?"

शब्द बाहेर पडले आणि तिला वाटलं, आपण कुणाला तरी धक्का दिला आहे. आत बांगडी वाजली.

"नाही म्हणा," माय म्हणाली. "घेतली असती तरी काय झालं असतं? मले पोहता येते. सावरगावची आहो मी, पुरातून जाम नदी पार करत होतो आमी पोरी. त्याइले म्हणा, एवढंबी ठाऊक नोयतं तुमाले?"

बापूजींनी खांद्यावरचं उपरणं तोंडाला लावलं. त्यांचे खांदे हलायला लागले आणि हलतच राहिले. अंगणात कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला दटावलं. ते हसत होते की रडत होते हे प्रेमलताला कळलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने ते ठरवलंही नाही. ती नुसती बघत राहिली. तिला स्वतःलाही हसू फुटत होतं. जिच्या भरवशावर आपण इथवर आलो ती विहीर अशी गुडघाभर निघाली, आणि ती बाई, चुलीपुढची, तिखट चालते का विचारणारी, तिने भासऱ्याला पक्कं फसवून पोर बाहेर काढली, आणि एवढी वर्षं तोंड मिटून बसली.

"प्रेमा," कवाडामागून आवाज आला, आता बारीक, घाबरलेला, "हे काढून टाकजो व. मानसं पाह्यतीन." बापूजींनी उपरणं खाली घेतलं, डोळे लाल. "हो व, काढून टाक," ते म्हणाले. "जनतेचं ठेव, तेवढं पुरे." दोघांचं एकमत झालं होतं. तिच्या आठवणीत हे कधी घडलं नव्हतं. आणि दोघंही वाट बघत होती, एक आत, एक बाहेर, लहानपणापासून बघत आली होती तशीच, की पोरगी आता काहीतरी बरं बोलेल. साहेब नव्हते तिच्या मनात त्या क्षणी, खुर्चीही नव्हती.

"नाही काढत," ती म्हणाली.

ओसरीवर कुणी हललं नाही. वर्गीसचा हात वरच होता, फिल्म फिरत होती. लुगड्याचा काठ फटीतून दिसेनासा झाला, आणि तिला वाटलं, माय आत निघून गेली, आता कायमची गेली. मग अगदी कवाडाला तोंड लावून बोलावं तसा मायचा आवाज आला, आणि ते बोलणं आता पुढे कुणाला पोचवायचं नव्हतं, खुद्द तिलाच होतं.

"मंग अर्धं दाखवू नोको."